डीकनची आठी

आमच्या घरात बोलणारी मी एकटीच. माझा नवरा हॉलिस दिवसभरात जेवढं बोलतो, तेवढं मी सकाळी कॉफी उकळेपर्यंत बोलून मोकळी झालेली असते. टिंकहॅम घराणंच तसलं. लग्नाची मागणी घालताना हा बाबा म्हणाला होता, "आमच्याकडे एक खोली रिकामी आहे, डेल्फा." याला भाडेकरू हवाय की बायको, याचा मी चांगला आठवडाभर विचार करत होते. शेवटी माझ्या आईने त्याला सरळ विचारलं, तेव्हा उलगडा झाला.

त्याची धाकटी बहीण थर्झा बांधापलीकडे राहते. नवरा वारल्यापासून एकटीच आहे, मेंढ्या पाळते. ती बोलते, पण फक्त रागावल्यावर. एरवी तिच्यापेक्षा तिच्या मेंढ्या गप्पिष्ट.

सासऱ्यांनी जमीन दोघांत अगदी चोख वाटली. टेकडीकडची हॉलिसला, तळ्याकडची थर्झाला आणि मध्ये दगडी बांध. फक्त एका गोष्टीची वाटणी त्यांना जमली नाही. बांधाच्या दगडांतूनच सफरचंदाचं एक जुनाट झाड वर आलेलं होतं. त्याच्या अर्ध्या फांद्या आमच्याकडे झुकलेल्या आणि अर्ध्या थर्झाकडे. सासरे म्हणाले, ज्याच्या बाजूला पडेल त्याचं फळ. भल्या माणसाला वाटलं, सुटला प्रश्न.

या सफरचंदाचं नाव 'डीकनची आठी'. गावातल्या पहिल्या चर्चच्या डीकनने, म्हणजे पाद्र्याच्या मदतनिसाने, हे फळ चावलं आणि त्याच्या कपाळावर जी आठी पडली, ती म्हणे शवपेटीचं झाकण लावेपर्यंत गेली नाही. फळ लहान, साल बटाट्यासारखी खरखरीत. खाल्लं तर जीभ टाळ्याला चिकटते. डुकरंसुद्धा हुंगतात आणि पुढे जातात. पण त्याचा रस काढून हिवाळाभर पिंपात आंबू दिला, की त्याचं काहीतरी वेगळंच होतं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासऱ्यांनी मला नुसत्या आठीची सायडर पाजली होती, दुसऱ्या कुठल्याही सफरचंदाचा थेंब नसलेली. पहिल्या घोटाला माझ्याही कपाळाला आठी पडली. तिसऱ्या घोटाला मला सासरची सगळी माणसं आवडायला लागली.

तेव्हापासून मी सायडर करायला शिकले. बाल्डविन सफरचंदांची करते, गोल्डन रसेटची करते, लोक नावाजतात. पण मला हवी होती ती तीच, नुसत्या आठीची. ते झाड दुसरीकडे कुठे नाही. मी त्याची कलमं बांधली आहेत, पण ती फळाला यायला अजून वर्षं जायची. जुन्या झाडाचं खोड आतून पोकळ झालंय, त्यात घुबड राहतं. एखाद्या वादळात ते झाड आडवं झालं, की ती चव माझ्याबरोबरच संपणार. ही गोष्ट मला सारखी डाचायची.

आता तुम्ही म्हणाल, मग करायची की सायडर, अडलंय कुठे? अडलं होतं भावंडांच्या भांडणात.

आठीचं झाड एक वर्ष फळतं आणि एक वर्ष आराम करतं. पूर्वी सगळं झाड एकदमच फळायचं. मग एका मे महिन्यात, ऐन बहरात, हिम पडलं. सकाळी थर्झा उठून पाहते तो तिच्या बाजूची फुलं करपून काळी पडलेली, आमच्या बाजूची टवटवीत, आणि आमच्या फांद्यांत अजून धूर रेंगाळलेला. फुलांना थंडी लागू नये म्हणून हॉलिसने ओलं गवत पेटवून धूर केला होता, हे दिसतच होतं. थर्झाचा तोल गेला. "स्वतःची फुलं वाचवलीस आणि माझी मरू दिलीस! बांधापुरता भाऊ तू!" असं ती बांधावर उभी राहून ओरडली आणि मग हेच तिने गावभर सांगितलं. हॉलिस एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. आणि झाडाचं असं झालं, की थर्झाची करपलेली बाजू पुढच्या वर्षी दाटून फुलली आणि आमची बाजू आरामाला गेली. झाडानेही जणू वेगळी चूल मांडली. एक वर्ष तिच्याकडे बहर, एक वर्ष आमच्याकडे.

अर्ध्या झाडाच्या फळांत पिंप भरत नाही. आणि पिंप तोंडापर्यंत भरलं नाही, की आत हवा राहते आणि वसंतात सायडरऐवजी व्हिनेगर निघतं. म्हणून मी दर खेपेला उरलेलं पिंप नॉर्दर्न स्पाय नावाच्या सफरचंदाच्या रसाने भरायची. चव बरी यायची. पण आमच्या गावात मार्चमधल्या गावसभेच्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, चर्चमागच्या शेडमध्ये सायडरवाले आपापली पिंपं लावतात. तिथे नियम एकच. एका पिंपात सफरचंदाची एकच जात, आणि पिंप अख्खं, कारण प्यायला सगळं गाव असतं. माझं आठीचं पिंप दाराशीच अडायचं.

"काय डेल्फा, यंदाही भेळच का?" असं वेंडेल प्रॅट दरवर्षी विचारायचा. त्याची रॉक्सबरी रसेटची सायडर निर्भेळ असते आणि त्याला तेवढं एकच येतं.

शेवटी एका हिवाळ्यात मी डोकं चालवलं. पुढचा बहर आमच्या बाजूचा होता. तो फुलातच झाडून टाकला, तर आमची बाजू वर्षभर रिकामी राहील आणि त्याच्या पुढच्या वर्षी थर्झाच्या बाजूबरोबर फुलेल. अख्खं झाड पुन्हा एका तालात. फक्त कुणीतरी एक बहर सोडायला हवा होता.

आधी थर्झाकडे गेले. म्हटलं, तिनेच तिच्या बाजूचा बहर सोडला तर आणखी बरं.

"थर्झा, एखाद्या वर्षीचा बहर सोडशील? झाडाच्या भल्यासाठी म्हणतेय."

"माझा एक बहर गेलाय," ती मेंढीचे खूर कापता कापता म्हणाली. "आता त्याची पाळी."

"अगं, तो तरी कसा ऐकेल?"

"मग दोघं मिळून व्हिनेगर प्या."

घरी येऊन हॉलिसला सांगितलं. तो बूट काढत होता. एक बूट काढून झाल्यावर म्हणाला, "मी काय केलंय?"

"काय केलंय म्हणजे? सगळ्या गावाला माहीत आहे काय केलंयस ते!"

त्याने दुसरा बूट काढला आणि तो गाईंकडे निघून गेला, मोज्यांवर. मला वाटलं, आला टिंकहॅमी हट्ट. माझंही डोकं तापलं. मी मनाशी ठरवलं, की या दोघांची वाट बघत बसले तर माझ्याच कपाळाला कायमची आठी पडेल.

मे आला. आमच्या बाजूला गुलाबी कळ्या नुकत्या उघडत होत्या. मी शिडी लावली, लांब काठी घेतली आणि फुलं झाडायला लागले. सांगते, फार वाईट वाटलं. मधमाश्या आल्या होत्या, त्यांनी माझ्याभोवती घोंघावून जाब विचारला. तेवढ्यात शिडी हलायची थांबली. खाली पाहते तर हॉलिस शिडी धरून उभा.

"ओरडायचं असेल तर ओरड," मी वरून म्हटलं.

"डावीकडची वरची फांदी राहिली," तो म्हणाला.

एवढंच. त्याचा बहर मी त्याच्याच डोक्यावर पाडत होते आणि हा टोपीवरच्या पाकळ्या झटकत उभा. त्या दिवशी मला कळलं, की तीस वर्षं या माणसाबरोबर राहूनही मला तो निम्मासुद्धा कळलेला नाही.

त्या शरदात झाडावर एक फळ नव्हतं. वेंडेल म्हणाला, "मेलं वाटतं झाड?" मी म्हटलं, "तुझ्या विनोदांपेक्षा जिवंत आहे." थर्झाने रिकाम्या झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आमच्या ओट्यावर अर्धा डझन अंडी ठेवून गेली. आता हा निरोप होता की नुसती अंडी, हे टिंकहॅमांचं टिंकहॅम जाणोत.

पुढच्या वसंतात अख्खं झाड फुललं. बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे, शेंड्यापासून पार दगडांपर्यंत पांढरंशुभ्र. मी रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन जायची आणि नुसती बघत राहायची. गावातली माणसं गाडी थांबवून बघायची. आणि मग रेडिओवर सांगितलं, की उद्या पहाटे हिम पडणार.

दोन वर्षांची वाट, सोडलेला बहर, सगळं एका पहाटेत करपणार. आणि हे झाड पुन्हा कधी असं एकदम फुलेल, न फुलेल, देव जाणे. सूर्य कलला होता. हॉलिस गाडीवर ओलं गवत आणि भुसा चढवायला लागला. मीही हात लावला. झाडाशी पोचलो, तर त्याने पहिला भारा उचलला, बांध ओलांडला आणि थर्झाच्या जमिनीत नेऊन टाकला.

"अरे, तिकडे कुठे?"

"थंडी खाली साचते," तो म्हणाला. "तळ्याकडे."

तेवढ्यात थर्झा आलीच. तिने घरातून पाहिलं असणार. हातात कंदील, अंगावर नवऱ्याचा जुना कोट.

"माझ्या जागेत काय चाललंय?" भावाशी ती एका तपानंतर बोलत होती, आणि बोलली ती अशी.

हॉलिसने दुसरा भारा टाकला. "धूर करतोय."

"माझ्या बाजूला?"

"गेल्या वेळी केला तिथेच."

थर्झा थांबली. "गेल्या वेळी कुठे?"

"इथेच. तुझी बाजू खोलगट, आधी तीच करपणार. म्हणून इथे पेटवलं. पहाटे तळ्यावरून वारा सुटला आणि सगळा धूर वर माझ्याकडे गेला." हॉलिसला इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यालाही ते जड गेलं असावं, कारण तो दम घ्यायला थांबला.

"म्हणजे माझ्या बाजूला पडलेली ती राख..." थर्झा म्हणाली. "मला वाटलं, तू तुझी राख आणून माझ्याकडे टाकलीस. वर आणखी कचरा!"

"नाही."

"मग मला उठवलं का नाहीस? दोघांनी मिळून दोन्हीकडे पेटवलं असतं!"

"तुझ्या मेंढ्या व्यात होत्या. दोन रात्री जागी होतीस तू." हॉलिसने गवत पायाने सारखं केलं. "म्हटलं, झोपू दे."

थर्झा बांधावर मटकन बसली. एवढी वर्षं मी या माणसाच्या शेजारी झोपते, आणि मलासुद्धा हे माहीत नसावं! मला त्याचा असा राग आला, आणि असं भरूनही आलं, की काय करावं कळेना. शेवटी मी गवताचा भारा उचलून त्याच्याच अंगावर फेकला.

"बोलला का नाहीस, मेल्या?" थर्झा ओरडली. माझ्या तोंडचंच वाक्य होतं ते.

"तू विचारलंच नाहीस. थेट ओरडायलाच लागलीस."

"तेव्हा नाही, पण नंतर! नंतर तेरा वर्षं होती ना!"

हॉलिसने खरोखर विचार केला. "नंतर तू बोलतच नव्हतीस," तो म्हणाला.

थर्झाने तोंडावर हात दाबून धरला. आधी मला वाटलं रडतेय, मग वाटलं हसतेय. दोन्ही चाललं होतं. मग ती उठली, नाक पुसलं आणि आम्हाला कामाला लावलं. "डेल्फा, तू उभी काय? वरच्या बाजूलाही ढीग घाल. वारा कुठूनही येऊ दे, मेला. माझ्या गोठ्यात आणखी गवत आहे." दोन्ही बाजूंना धूर केला. मी घरी परतले, ती दोघं पहाटेपर्यंत तिथेच राहिली. त्यांच्या खोकण्याचा आवाज मला घरापर्यंत ऐकू येत होता. तळ्याकडची अगदी खालची फुलं गेली, बाकीची वाचली.

शरदात फळं उतरवली. गोठ्यात ढीग घालून नरम होऊ दिली, दळली, लगदा फडक्यांत बांधून दाबयंत्राखाली थरावर थर लावले. रस पिंपात ओतत गेलो. शेवटचा थेंब पडला तेव्हा पिंप वीतभर रिकामं होतं. खालचा बहर करपला त्याची ही वीत.

"थोडासा बाल्डविन घातला तर?" हॉलिस हळूच म्हणाला.

"घालून बघ," मी म्हटलं. "मग त्याच पिंपात तुलाही घालते."

"खडे घाल," थर्झा म्हणाली. "बाबा घालायचे."

तिने बादली उचलली आणि ती सरळ बांधाकडे गेली. मोठ्या दगडांच्या फटींत पाचर म्हणून बसवलेले लहान खडे असतात, ते तिने उपसून काढले. हॉलिसही गेला. दोघं दोन बाजूंनी खडे उपसत होती. मी ते घासले, उकळले आणि एकेक करून पिंपाच्या तोंडातून आत सोडले. प्रत्येक खड्याला डुबुक आवाज, आणि रस थोडा वर. तोंडाशी आला तसं मी बूच ठोकलं. बांध त्या जागी थोडा खचलाय. दुरुस्तीचं कुणी मनावर घेतलेलं नाही. मेंढ्या आता आमच्याकडे येऊन माझा कोबी खातात, त्याबद्दल थर्झाला मी दोन शब्द सुनावलेही आहेत.

मार्चमध्ये गावसभा भरली. सकाळ रस्त्यांच्या खड्ड्यांत आणि शाळेच्या छपरात गेली. दुपारच्या सुट्टीत मी शेडमध्ये पिंप लावलं. पाटीवर लिहिलं, 'डीकनची आठी, दुसरं काही नाही.' वेंडेल प्रॅट पहिला आला.

"भेळ नाही?"

"पिऊन बघ."

त्याने घोट घेतला. कपाळाला आठी पडली, अगदी जाडजूड. त्याने दुसरा घोट घेतला, मग तिसरा. मग पेला पुढे केला. मीही चाखली. तीच होती. सासऱ्यांनी पाजली होती तीच. आधी जिभेला चिमटा, मग मधासारखं काहीतरी, आणि सगळ्यात शेवटी ओल्या दगडाचा वास. माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवले नाहीत. तासाभरात चर्चमागे सगळं गाव कपाळाला आठ्या घालून हसत उभं होतं. थर्झाने दोन पेले घेतले. ती कधी अर्ध्यापुढे जात नाही.

सुट्टीनंतर सभा पुन्हा बसली. शेवटचा विषय म्हणजे 'इतर'. त्यात सहसा कुणाचा तरी कुत्रा निघतो. थर्झा उठून उभी राहिली.

"अध्यक्ष महाराज, मी माझ्या भावाबद्दल गावभर जे बोलले, ते मागे घेते."

अध्यक्ष म्हणजे आमचे पोस्टातले अँब्रोझ क्विंबी, नियमाला एकदम कडक. त्यांनी चष्मा सारखा केला. "बाई, तुम्ही ते सभेत बोलला नव्हतात. सभेत न बोललेलं सभेत मागे घेता येत नाही. ठराव असेल तर मांडा."

"मग मांडते," थर्झा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "ठराव असा, की हॉलिस टिंकहॅम हा चांगला भाऊ आहे."

"अनुमोदन?"

चारही बाजूंनी हात वर झाले. माझा सगळ्यात आधी.

"चर्चा?" अँब्रोझ म्हणाले.

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. हॉलिस उभा राहिला. या सभागृहात तो चाळीस वर्षं येतोय, पण त्याचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. मागच्या बाकावरची माणसं पुढे वाकली. त्याने टोपी काढली, ती एकदा हातात फिरवली आणि घसा खाकरला.

"दुरुस्ती सुचवतो," तो म्हणाला. "शेवटी 'आणि थर्झा चांगली बहीण' एवढे शब्द घालावेत."

आणि खाली बसला. थर्झा अजून उभीच होती. मी माझा रुमाल पुढच्या रांगेतून तिच्याकडे पाठवला. तो चार हातांतून तिच्यापर्यंत गेला, आणि वाटेत दोघांनी त्यात नाक पुसलं.

"विरोधात कुणी?" अँब्रोझनी विचारलं. कुणी नव्हतं. त्यांनी लाकडी हातोडा आपटला आणि जरा खरखरीत आवाजात म्हणाले, "दुरुस्तीसह मंजूर."